उरलेल्या नटांचा डबा

चांगला मेकॅनिक असावा यावर महाराष्ट्रात एकमत आहे. तो आपल्या घरात नसावा यावरही आहे. त्याने दुसऱ्या कुणाच्या तरी घरी जन्म घ्यावा, आपल्या गल्लीच्या तोंडाशी गॅरेज टाकावं, आपण गाडी नेली की हातातलं काम बाजूला सारून ‘काही नाही साहेब, प्लगला कार्बन धरलाय’ म्हणावं, आणि दीडशे सांगितल्यावर आपण भुवया वर केल्या की शंभर घ्यावेत. इतकीच आपली माफक अपेक्षा. हा माणूस घडतो कुठे, त्याला शिकवतं कोण, हे विचारायचं मात्र कधी सुचत नाही.

त्यामुळे थोरल्या भावाच्या चिरंजीवांनी दहावीचा निकाल हातात आल्याआल्या ‘मला मोटार मेकॅनिक व्हायचंय’ असं जाहीर केलं, तेव्हा घरात कुणाकडेच तयार उत्तर नव्हतं. वहिनींनी ‘मेकॅनिकल’ असं ऐकलं आणि ‘अरे वा!’ म्हणून मोकळ्या झाल्या. शेवटचा ‘ल’ आपण पदरचा घातलाय हे कळेपर्यंत तव्यावरची पोळी करपली होती.

इंजिनिअरिंग असतं तर काही प्रश्नच नव्हता. आमच्या घरातल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, पुण्याच्या सीओईपीत मेकॅनिकलची यादी कितीवर बंद झाली, कुठल्या कॉलेजच्या मेसची आमटी पातळ असते, कुठल्या सरांचा क्लास आतापासून लावायला हवा. ज्याचं पोर अजून तिसरीत आहे तोही सांगेल. पण मेकॅनिक व्हायचं तर शाळा कुठली बरी, यावर मात्र सगळे पंख्याकडे बघायला लागले.

माहिती नसली तरी मतं होती. कारण आमच्या घरात प्रत्येकाला आयुष्यात कधी ना कधी मेकॅनिकने फसवलेलं आहे, निदान प्रत्येकाची तशी पक्की समजूत आहे. भावाच्या जुन्या चेतकचं इंजिनकाम दोनदा निघालं होतं, मेव्हण्यांच्या गाडीची क्लचप्लेट म्हणे चांगली असताना बदलली गेली होती, आणि आत्याच्या स्कूटरला गेल्या पावसाळ्यापासून पिकअप नव्हता. आता घरचाच मेकॅनिक होणार म्हटल्यावर दुःख ओसरलं आणि सर्वांनी मनातल्या मनात आपापली गाडी त्याच्या दारात स्टँडवर लावून टाकली. फुकट. आत्या तर म्हणाली, ‘‘शिकूदे की पोराला. आपल्यात वकील आहे, डॉक्टर आहे. मेकॅनिक नव्हता एवढंच.’’

आमचे आबा शेतकरी माणूस. त्यांनी एकच सवाल टाकला, ‘‘त्याला शाळा कशाला लागती? वस्तादाच्या हाताखाली घाला.’’

हा सवाल वाटतो तितका अडाणी नाही. महाराष्ट्रातली निम्मीअधिक गॅरेजं अशीच उभी राहिली असतील. पोरगं बारा-तेरा वर्षांचं असताना चहा आणायला लागतं, मग ‘दहाचा दे, बाराचा दे’ अशा हाकांवर पाने ओळखायला शिकतं, मग हेडलाइटचा बल्ब बदलतं, आणि एक दिवस वस्ताद जेवायला गेलेला असताना गिऱ्हाइकाची गाडी स्वतःच खोलून बसतं. तोच त्याचा पदवीदान समारंभ. बारा-तेरा वर्षांच्या पोराला कामाला लावणं कायद्याला मान्य नाही, आणि ते नसावंच. पण विद्येचा हा मार्ग खोटा होता असं कुणी म्हणू नये.

म्हणून आधी आमच्या कोपऱ्यावरच्या वस्तादांकडेच गेलो. ते एका गाडीखाली होते. फक्त चपला बाहेर दिसत होत्या. मी चपलांना उद्देशून प्रश्न विचारला. चपला म्हणाल्या, ‘‘आयटीआयची पोरं येतात आमच्याकडं. त्यांना सगळं माहीत असतं. नट कुठल्या बाजूला फिरवायचा तेवढं विचारतात.’’

मी समाधानाने भावाकडे पाहिलं. पण वस्ताद सरपटत बाहेर आले, बनियनला हात पुसले आणि म्हणाले, ‘‘पण साहेब, शाळेतच घाला. आमचं शिक्षण मनगटात. नट किती आवळायचा ते मनगट सांगायचं. जुन्या बिडाच्या हेडला चालून जायचं. आता सगळं ॲल्युमिनियम. मनगटानं आवळलं की आटे जातात, आणि आटे गेले की हेड गेलं. आणि तो पिवळा दिवा.’’

पिवळा दिवा म्हणजे गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाचं चित्र पेटतं तो. त्याने भल्याभल्या वस्तादांना रडवलंय. पूर्वी गाडी आवाज करून आपलं दुखणं सांगायची, आता दिवा लावून गप्प बसते. मग स्टिअरिंगखालच्या खाचेत स्कॅनर जोडून तिला विचारावं लागतं, आणि ती जो कोड सांगेल त्याचा अर्थ लावावा लागतो. हा कोड नुसता वाचणारा आणि तो समजणारा यांच्यात फरक आहे. वाचणारा म्हणतो, सेन्सर बदला. समजणारा आधी सेन्सरची वायर उंदराने खाल्लीय का ते बघतो. वस्ताद म्हणाले, ‘‘आवाज मी ऐकीन, दिवा पोरगा बघंल. शिकून पाठवा त्याला माझ्याकडं.’’

शाळा ठरली. कुठली, ते राहिलं.

भावाला वाटत होतं मेकॅनिक म्हणजे मेकॅनिक. पण आयटीआयची यादी उघडली तर नुसत्या गाड्यांच्याच बाबतीत पोटभर प्रकार. मोटार मेकॅनिक, म्हणजे तिथल्या भाषेत एमएमव्ही, दोन वर्षांचा. डिझेल मेकॅनिक एक वर्षाचा. ट्रॅक्टरचा वेगळा, दुचाकीचा वेगळा, बॉडीची ठोकाठोक आणि रंगकाम यांचा वेगळा, आणि आता विजेवरच्या गाड्यांचाही आलाय. देशात ही आयटीआय योजना १९५० सालची. महाराष्ट्रात आज सरकारी संस्था चारशेच्या वर आहेत आणि खासगी त्याहून जास्त. म्हणजे इथे टंचाई शाळांची नाही, टंचाई आहे ती शाळेत काय बघायचं हे माहीत असणाऱ्या पालकांची.

आबांनी यादी ऐकून घेतली आणि ‘डिझेल घे’ म्हणाले. डिझेल आलं की ट्रॅक्टर आला, ट्रक आला, विहिरीवरचं इंजिन आलं, बोअरची गाडी आली. गावाकडे उपाशी मरायची भीती नाही. मेव्हणे म्हणाले, ‘‘कसलं डिझेल आणि कसलं पेट्रोल! दहा वर्षांत सगळं इलेक्ट्रिक होणार. इंजिनच राहणार नाही, तर मेकॅनिक काय करणार?’’ मेव्हण्यांना ही बातमी मोबाइलवर आली होती. ज्या गाडीतून ते आले होते ती डिझेलवर चालते आणि आणखी दहा वर्षं विकायचा त्यांचा विचार नाही, हा भाग वेगळा.

विजेच्या गाडीचा मुद्दा मात्र मला उलट्या बाजूने पटतो. तिलाही ब्रेक असतात, बेअरिंग असतात, सस्पेन्शन असतं, खड्डे तिलाही सवलत देत नाहीत. वर तिच्या पोटात नारिंगी रंगाच्या जाड वायरी असतात, आणि त्यांत काहीशे व्होल्ट असतात. पेट्रोलच्या गाडीवर माणूस चुकतमाकत शिकू शकतो. नारिंगी वायरीवर चुकला तर काय शिकला ते सांगायला तो राहत नाही. म्हणजे शाळेची गरज उलट वाढलीच.

पहिली संस्था आम्ही पाहिली ती खासगी. एसटी स्टँडच्या भिंतीवर तिची जाहिरात होती, ‘१०० टक्के जॉब’ मोठ्या अक्षरांत आणि ‘असिस्टन्स’ मुंगीच्या अक्षरांत. संस्था एका शॉपिंग कॉम्प्लेक्सच्या दुसऱ्या मजल्यावर होती. खाली साड्यांचं दुकान, पहिल्यावर दातांचा दवाखाना, दुसऱ्यावर मोटार मेकॅनिकची शाळा. लिफ्टवर लिहिलं होतं, ‘फक्त चार व्यक्ती’.

आत गारेगार. काचेचं टेबल, काचेचे पेले, एक समुपदेशक मॅडम. भिंतीवर नोकरी लागलेल्या विद्यार्थ्यांचे फोटो, सगळ्यांच्या गळ्यात टाय. टाय घातलेला मेकॅनिक मी त्या भिंतीवर पहिल्यांदा पाहिला. मॅडमनी आम्हाला गुळगुळीत माहितीपुस्तक दिलं, त्यात पानभर हसणारी मुलं होती आणि एका मुलाच्या हातात पाना होता. त्याने तो माइकसारखा धरला होता.

चिरंजीव इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, ‘‘मॅडम, गाडी वर कशी आणता?’’

मॅडमनी बहुतेक इतकी वर्षं या प्रश्नाची वाट पाहिली नसावी. ‘‘आमच्याकडे ना, सगळं स्मार्ट बोर्डवर आहे,’’ त्या म्हणाल्या. मग आम्हाला ‘लॅब’ दाखवली. तिथे एक इंजिन होतं, उभं कापलेलं, आतलं सगळं दिसेल असं. पाण्याचा मार्ग निळा, तेलाचा पिवळा, जळक्या वायूचा लाल. बाजूला हँडल, ते फिरवलं की पिस्टन वर-खाली. असं कापलेलं इंजिन शिकवायला उत्तमच, प्रत्येक चांगल्या शाळेत ते असतं. पण याच्या हँडलला दोरीने पाटी बांधली होती, ‘कृपया हात लावू नये’. त्या इंजिनावर कुठेही तेलाचा ठिपका नव्हता. नटांचे कोपरे असे धारदार की लिंबू चिरावं. शाळा पाच वर्षांची होती आणि इंजिन अजून कुमारिका होतं.

निघताना भिंतीवरचं फ्रेम केलेलं मान्यतापत्र मी चष्मा लावून वाचलं. मान्यता खरी होती, शिक्का खरा होता, फक्त ती कॉम्प्युटर ऑपरेटरच्या कोर्सची होती. इथे पालक हमखास गंडतात म्हणून सांगतो. आयटीआयची मान्यता सगळ्या इमारतीला मिळत नाही. प्रत्येक ट्रेडला आणि त्याच्या प्रत्येक तुकडीला वेगळी मिळते. ‘आमची संस्था मान्यताप्राप्त आहे’ या वाक्याला काही अर्थ नाही. ‘एमएमव्हीच्या किती तुकड्यांना केंद्र सरकारची मान्यता आहे, कागद दाखवा,’ हे वाक्य पाठ करून जावं. खासगी संस्था सगळ्या अशा असतात असं मी म्हणत नाही. काही सरकारीपेक्षा टापटीप आणि कामाच्या आहेत. पण ज्या मोटार शाळेत गाडी शिरू शकत नाही तिथे पोराने तरी का शिरावं?

सरकारी आयटीआयला जायच्या दिवशी आत्या म्हणाली, मीही येते. ती स्वतःच्या स्कूटरवरून आली. तपासणी शाळेची होती की स्कूटरची ते मी विचारलं नाही.

गावाबाहेर मोठं आवार, लिंबाची झाडं, पत्र्याच्या लांबच लांब शेड. ऑफिसात पंखा होता आणि तो फिरत असावा असा आवाज येत होता. माहितीपुस्तक नव्हतं, ‘नोटीस बोर्ड बघा’ म्हणाले. नोटीस बोर्डाची काच फुटलेली आणि त्यामागे गेल्या साली चिकटवलेला कागद. भावाचं तोंड उतरलं. मग आम्हाला शिल्पनिदेशकांकडे धाडलं. आयटीआयत मास्तरांना शिल्पनिदेशक म्हणतात. नावावरून अजिंठ्याचं काम करत असतील असं वाटतं, पण हे गृहस्थ निळ्या ॲप्रनमध्ये, कानावर पेन्सिल, आणि हात कोपरापर्यंत काळे.

वर्कशॉपमध्ये शिरताच डिझेल, ग्रीस आणि कापसाच्या बोळ्यांचा तो वास आला. एका कोपऱ्यात चाकं नसलेली प्रीमिअर पद्मिनी ठोकळ्यांवर बसली होती, शेजारी कुठल्याशा खात्याने निकाली काढलेली जीप, आणि पलीकडे बऱ्यापैकी नवी एक गाडी, बोनट उघडं. बाकांवर इंजिनं. सगळ्या नटांचे कोपरे झिजून गोल. एका इंजिनाच्या हेडवर खडूने लिहिलेलं, ‘१-३-४-२’.

‘‘फायरिंग ऑर्डर,’’ निदेशक म्हणाले. चार सिलिंडरच्या इंजिनात पेट घ्यायचा हा नेहमीचा क्रम. एकानंतर दोन पेटत नाही, तीन पेटतो, नाहीतर इंजिन हेलकावे खाईल. आमच्या घरातही आबा बोलले की लगेच भाऊ बोलत नाही, आधी आत्या पेटते, मग मेव्हणे, भाऊ सगळ्यात शेवटी. म्हणून तर घर अजून एका जागी उभं आहे.

बाकावर एका पत्र्याच्या डब्यात नट, बोल्ट, वायसर, दोन स्प्रिंगा असं काहीबाही होतं. भावाने विचारलं, ‘‘हे कसलं?’’

‘‘उरलेलं,’’ निदेशक म्हणाले. ‘‘चोवीस पोरांची तुकडी. गटागटानं सगळी इंजिन खोलतात, सगळी जोडतात. जोडल्यावर काहीतरी उरतंच. पहिल्या वर्षी मूठभर उरतं. मग परत खोलायचं आणि कुठलं राहिलं ते हुडकायचं. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी काही उरलं नाही की पास.’’

मला शाळा मोजायचं माप मिळालं. गारवा नको, पुस्तक नको, टाय तर नकोच नको. जिथे उरलेल्या नटांचा डबा नाही तिथे इंजिन कुणी उघडलेलंच नाही.

अर्थात हिरमोड करणाऱ्या गोष्टीही होत्या. टॉर्क रेंच आहे का, असं मी विचारलं. नट किती आवळला हे आकड्यात सांगणारा तो पाना, वस्तादांच्या मनगटाला आलेला पर्याय. ‘‘आहे ना,’’ म्हणत निदेशकांनी कपाट दाखवलं. कपाटाला कुलूप होतं. किल्ली दुसऱ्या सरांकडे आणि दुसरे सर प्रशिक्षणाला गेलेले. ही सरकारी आयटीआयची जुनी व्यथा. वस्तू असते, यादीत असते, पण ती हरवली तर जबाबदारी कुणाची, या धाकाने कपाटातच म्हातारी होते. म्हणून शाळा बघायला जाणाऱ्याने ‘अमुक आहे का’ असं विचारूच नये. ‘शेवटचं कधी वापरलं’ असं विचारावं. निदेशक हसले आणि म्हणाले, ‘‘मागच्या महिन्यात. वही बघा.’’ वही होती, आणि तिच्यावर तेलाचे अंगठे होते. मी मान्य केलं.

कार्ब्युरेटर शिकवतात का, असंही विचारलं. १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ हे निकष आले आणि नव्या मोटरसायकलीतूनही कार्ब्युरेटर गेला, आता इंधन किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. तरीही शिकवतात, कारण आमच्या तालुक्यात २०१० सालची मोटरसायकल ही नवी समजली जाते. ज्या शाळेत फक्त कार्ब्युरेटर आहे ती इतिहास शिकवते, आणि ज्या शाळेत फक्त सेन्सर आहेत तिचा विद्यार्थी आमच्या बाजाराच्या दिवशी उपाशी राहील. दोन्ही हवं. इथे दोन्ही होतं. स्कॅनर एकच होता आणि त्याच्याभोवती कोंडाळं होतं, पण होता.

आबांचा निरोप म्हणून मी डिझेलचं विचारलं. निदेशकांनी नव्या ट्रकच्या धुराची व्यवस्था समजावली. वेगळ्या टाकीतून युरियाचं द्रावण एक्झॉस्टमध्ये फवारतात, त्याने घातक वायू निवळतात. हे घरी सांगितलं तेव्हा आबा थोडा वेळ विचारात पडले. ‘‘युरिया?’’ ते म्हणाले. ‘‘आम्हाला सोसायटीत मिळत नाही आन् हे ट्रकला घालतात?’’

दरम्यान आत्या दिसेना. बाहेर येऊन बघतो तर तिची स्कूटर दुहेरी स्टँडवर, आणि शेजारी एक मुलगी उकिडवी बसलेली. एमएमव्हीच्या दुसऱ्या वर्षाची. वेणी ॲप्रनच्या आत खोचलेली, कारण फिरणारा शाफ्ट वेणी आणि ओढणी यांना ओळख देत नाही. तिने स्कूटरची बाजूची झाकणी काढून आतून एक वस्तू बाहेर ओढली. रंगाने ती उंदराच्या बिळातून काढल्यासारखी होती.

‘‘काकू, एअर फिल्टर शेवटचा कधी बदलला?’’

‘‘यात एअर फिल्टर असतो?’’ आत्या म्हणाली.

मुलीने काही न बोलता तो जमिनीवर आपटला. धुळीचा लोट उठला आणि आम्ही सगळे खोकलो. ‘‘हा नवा टाका, पिकअप येईल,’’ ती म्हणाली आणि हात झटकत आत गेली. आत्याने तिथल्या तिथे निकाल दिला, ‘‘याच शाळेत घाला.’’

वहिनींची समजूत काढायचं काम उरलं होतं. ते निदेशकांनी सांगितलेल्या एका नियमाने झालं. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केला की पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो, डिप्लोमानंतर पुढे इंजिनिअरिंगचा रस्ता आहेच. वहिनींच्या चेहऱ्यावर तजेला आला. हल्ली त्या नातेवाइकांना ‘डिप्लोमाच्या आधीचं एक करतोय’ असं सांगतात. मुलगा काय करतोय हे सांगताना मराठी आईला वाक्याच्या शेवटी इंजिनिअर दिसावा लागतो, मग मधला प्रवास कितीही काळा असो.

भावाने खर्चाचं विचारलं. सरकारी फी खासगीच्या मानाने किरकोळ. उलट आयटीआयच्या मुलांना सरकार विद्यावेतन देतं, आणि ते कित्येक वर्षं दरमहा ४० रुपये होतं. चाळीस. महिन्याला. हात धुवायच्या साबणालाही पुरलं नसतं. २०२३ साली ते ५०० करायचं मंत्रिमंडळाने ठरवलं. आता साबण भागेल.

आणि नोकरी? त्यासाठी शिकाऊ उमेदवारी आहे, १९६१ च्या कायद्याने आलेली. आयटीआय झाला की कारखान्यात, सर्व्हिस सेंटरमध्ये किंवा एसटीत उमेदवार म्हणून राहायचं, काम करत शिकायचं, थोडे पैसेही मिळतात. एसटीच्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथे मोठ्या कार्यशाळा आहेत आणि डेपो तर गावोगाव. ‘यष्टी’ हा शब्द ऐकताच आबांचा सगळा विरोध मावळला. ज्या पोराला एसटीचं इंजिन उघडता येईल त्याला जगातलं कुठलंही इंजिन उघडता येईल, असं ते म्हणाले. घाटात बंद पडलेल्या एसटीत ज्याने आयुष्याचे तास काढलेत त्याच्या मताला वजन द्यावंच लागतं.

चांगल्या शाळेची आणखी एक खूण इथेच सापडली. मी निदेशकांना विचारलं, मागच्या तुकडीतली मुलं कुठे गेली? त्यांनी फोटो दाखवला नाही. खिशातून फोन काढून एकाला लावला. पलीकडून ‘बोला सर’ आलं, मागे कुठेतरी हातोडा वाजत होता. तो चाकणला होता. दुसऱ्याने गावातच गॅरेज टाकलंय. तिसऱ्याने हे क्षेत्र सोडून वडापाव सुरू केलाय, आणि तो बरा चाललाय, हेही त्यांनी लपवलं नाही. मला तो तिसरा ऐकून जास्त विश्वास वाटला. ज्या शाळेची सगळीच्या सगळी मुलं यशस्वी झालीत ती एकतर खोटं बोलते, नाहीतर तिने मुलांना विचारलेलंच नाही.

चिरंजीव या सगळ्या वेळात कुठे होते? पद्मिनीच्या खाली. चपला फक्त बाहेर दिसत होत्या. भाऊ हाक मारायला निघाला, मी त्याला थांबवलं.

प्रवेशाचं सगळं ऑनलाइन आहे. दहावीच्या गुणांवर यादी लागते, अर्ज भरायचा, तो जवळच्या आयटीआयत जाऊन निश्चित करायचा आणि मग संस्था व ट्रेड यांचे विकल्प क्रमाने लिहायचे. तुमच्या घरात असं पोर असेल तर एवढं ध्यानात ठेवा. पहिल्या क्रमांकावर लिहिलेली जागा लागली की ती घ्यावीच लागते, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून नाव जातं. तेव्हा पहिला विकल्प लिहायच्या आधी त्या शाळेचं वर्कशॉप डोळ्यांनी बघून या. कामाच्या दिवशी जा, अकराच्या सुमाराला, पोराला बरोबर घेऊन. उरलेल्या नटांचा डबा कुठे आहे ते विचारा. आणि पांढरा शर्ट घालून जाऊ नका.